पंचविशी आणि पन्नाशी यांच्या मधले आम्ही : ग्रामीण कलावंत-लेखकांच्या छोट्या अनुदानाबाबत खुले पत्र

प्रति,
राज्याचे सांस्कृतिक धोरण राबवणारे मंत्रिमहोदय, सचिव, संचालक
आणि जिल्हा नियोजन समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

विषय : ग्रामीण भागातील प्रयोगकलावंत व लेखक यांना शिकण्यासाठी आणि लिहिण्यासाठी वैयक्तिक स्वरूपाचे छोटे अनुदान सुरू करण्याबाबत.

महोदय, महोदया,

गेल्या श्रावणात माझ्या घरी एका वाक्याचे पत्र आले. ‘सदर प्रयोजनासाठी वैयक्तिक अर्जदारास अनुदान देण्याची तरतूद नसल्याने आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ अर्ज मी जानेवारीत केला होता आणि ज्या शिबिरासाठी केला होता ते मे महिन्यातच होऊन गेले होते. पत्र कोणत्या कार्यालयातून आले ते मी येथे लिहीत नाही, कारण तिथल्या लिपिकाने नियमाबाहेर काहीही केलेले नाही. तरतूद नव्हती म्हणून त्याने नाही म्हटले, इतकेच. माझे भांडण ‘तरतूद नसल्याने’ या दोन शब्दांशी आहे आणि ती तरतूद करणे ज्यांच्या हातात आहे त्या आपल्याशी मला बोलायचे आहे. चारचौघांत बोलतो आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकट्याच्या अर्जाचा नाही.

मी झाडीपट्टी रंगभूमीवर बावीस हंगाम प्रॉम्प्टर म्हणून काम केले आहे आणि गेली अकरा वर्षे नाटके लिहितो. आमची रंगभूमी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की नाटकेही सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. गावातले मंडळ वडशाला, म्हणजे देसाईगंजला, येते, तिथल्या नाट्यकंपनीच्या कार्यालयात तारीख ठरवते, गावात तिकीट लावते आणि त्या रात्री आसपासच्या गावांतले पाहुणे मुक्कामाला असतात. पडदा रात्री दहा-साडेदहाला उघडतो तो उजाडायच्या सुमारास पडतो. नायक ब्रह्मपुरीहून येतो, खलनायक नागपूरहून येतो, नायिका आदल्या रात्री कुरखेड्याकडे दुसऱ्याच नाटकात असते, आणि या सगळ्यांची पहिली भेट रंगपटात, तोंडाला रंग लावताना होते. तालमीला वेळ कुणाकडे नसतो. म्हणून प्रॉम्प्टर लागतो. लहानसा बल्ब, त्याच्यावर पुठ्ठ्याचा आडोसा, मांडीवर दोनशे पानांचे रजिस्टर, आणि नटाला ऐकू जाईल पण पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सहा-सात तास वाचणे, हे माझे काम आहे. नट कुठे अडखळतो, कुठल्या वाक्याला प्रेक्षक चुळबुळ करतात, कुठला प्रवेश लांबला की बायाबापड्या लेकरांना निजवायला घेतात, हे माझ्या इतक्या जवळून कुणीच पाहत नाही. मी लिहायला लागलो तो त्यातूनच.

लिहिता लिहिता माझ्या लक्षात आले की मला पहिला अंक बांधता येतो, तिसरा येत नाही. संवाद जमतात, पण स्त्रीपात्रे एक तर रडतात, नाही तर सोसतात. हे दोष मला कुणी दाखवले नाहीत, प्रॉम्प्टिंग करताना माझे मलाच दिसले. पुण्याला दहा दिवसांचे नाट्यलेखन शिबिर होणार होते. त्यासाठी मी २१,३०० रुपये मागितले होते. शिबिराचे शुल्क ८,०००, राहणे-जेवण ६,०००, वडसा ते गोंदिया आणि तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे असा जाण्यायेण्याचा खर्च १,४००, दोन हस्तलिखित संहितांचे टंकन २,४०० आणि दहा दिवसांच्या बुडालेल्या मजुरीचे ३,५००. शेवटचा आकडा अर्जात लिहिताना मला संकोच वाटला होता, पण तो खोटा नाही. हंगाम संपला की मी मजुरीला जातो; मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी, पावसाळ्यात धानाची रोवणी. दहा दिवस पुण्याला गेलो तर घरात दहा दिवसांचे पैसे येत नाहीत.

शासन काहीच करत नाही, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांच्या मानधनाची योजना १९५४-५५ पासून चालू आहे, तिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे, आणि २०२४ मध्ये पूर्वीची अ, ब, क वर्गवारी काढून सर्वांना महिना ५,००० रुपये करण्यात आले, हे चांगलेच झाले. आमच्या तालुक्यातले दंडार हे लोकनाट्य करणारे एक जुने कलावंत त्या पैशांतून दम्याची औषधे घेतात, हे मी डोळ्यांनी पाहतो. साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते आणि त्यात नाटकही बसते. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या तरुणांना पंडित भीमसेन जोशींच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. केंद्र सरकार अठरा ते पंचवीस वयाच्या कलावंतांना दोन वर्षे महिना ५,००० रुपये देते. कोरोनात रंगमंच बंद पडले तेव्हा एकल कलावंतांना ५,००० रुपयांची एकरकमी मदत झाली आणि त्या वर्षी ती आमच्याकडे खरोखर कामी आली. २०२३ मध्ये आमच्या गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, त्या दिवशी वडशात पेढे वाटले गेले आणि मीही दोन खाल्ले.

पण या सगळ्या योजना एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे वय मांडून पाहा. शिष्यवृत्ती पंचविशीपर्यंत. मानधन पन्नाशीनंतर, तेही उत्पन्नाची अट पाळून. मधली पंचवीस वर्षे, म्हणजे ज्या वर्षांत नट खरा नट होतो आणि लेखकाची दुसरी-तिसरी संहिता पहिलीहून बरी होते किंवा होत नाही, त्या वर्षांसाठी काय आहे? केंद्राच्या कनिष्ठ आणि ज्येष्ठ पाठ्यवृत्त्या आहेत, महिना १०,००० आणि २०,००० रुपयांच्या, दोन वर्षांसाठी. पण त्या देशभरातून निवडलेल्या मोजक्यांना, संशोधनाचा प्रकल्प मांडणाऱ्यांना मिळतात. मला संशोधन करायचे नाही. मला तिसरा अंक शिकायचा आहे.

आता माझ्या तक्रारी सांगतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही, की आपले अनुदान संस्थेला ओळखते, माणसाला ओळखत नाही. नोंदणीकृत संस्था, तीन वर्षांचे लेखापरीक्षण, घटना, कार्यकारिणीचा ठराव हे सगळे पुण्या-मुंबईच्या नाट्यसंस्थेकडे असते, कारण तिथे ते सांभाळणारा कार्यवाह असतो. आमच्याकडे नट हाच स्वतःची संस्था असतो. एका हंगामात तो चार-पाच कंपन्यांसाठी काम करतो आणि होळीनंतर कुणाचाच नसतो. कंपनीचा मालक नाईटचे, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाचे, पैसे देतो. त्याने मला शिकायलाही पाठवावे, अशी माझी इच्छा आहे आणि तसे मी त्यांना तोंडावर सांगितलेही आहे. पण एका अवकाळी पावसाने ज्याचे तीन मुक्काम बुडतात त्याच्याकडून मी किती अपेक्षा धरू? आणि त्याने कुठलेही सांस्कृतिक धोरण जाहीर केलेले नाही. आपण केले आहे, एकदा २०१० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये.

दुसरी तक्रार पुराव्याची. कुठल्याही अर्जाला ‘कलावंत असल्याचा पुरावा’ लागतो, म्हणजे जाहिरातपत्रके, वर्तमानपत्रांची कात्रणे, प्रमाणपत्रे. आमच्या नाटकाच्या पत्रकावर नायक-नायिकेचे फोटो असतात, लावणी करणाऱ्या मुलीचा फोटो सर्वांत मोठा असतो, दिग्दर्शक असतो, संगीत देणारा असतो. प्रॉम्प्टरचे नाव पत्रकावर छापलेले मी बावीस हंगामांत एकदाही पाहिले नाही. माझ्याकडे पुरावा म्हणून काय आहे, तर एकोणीस रजिस्टरे. त्यांच्या समासात कुठल्या गावी, कुठल्या तारखेला, किती वाजता पडदा उघडला ते पेन्सिलने लिहिलेले आहे. एका रजिस्टरावर चहा सांडला आहे, एकाचा कोपरा उंदरांनी खाल्ला आहे. ती घेऊन मी गेलो तेव्हा समोरच्या कर्मचाऱ्याने ती सभ्यपणे उघडली, सभ्यपणे मिटली आणि ‘हे ग्राह्य धरता येणार नाही’ असे सांगितले. याच्यातली गंमत अशी की महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. माझ्या सहा संहिता अशा जाऊन आलेल्या आहेत. म्हणजे माझे लिहिलेले पानन् पान वाचून त्यावर शिक्का मारायला शासन आहे, आणि मी लेखक आहे का, हेही पुन्हा शासनच विचारते आहे.

तिसरी तक्रार वेळेची आहे आणि ती शेती न करणाऱ्याला समजावून सांगावी लागते. लोककलांची प्रशिक्षण शिबिरे आपण भरवता, त्याबद्दल आभार. पण शिबिर कधी आणि कुठे, कशाचे, शिकवणार कोण, हे सारे वरून ठरून येते. ज्याला शिकायचे आहे त्याला ‘तुला काय येत नाही?’ असे कुणी विचारत नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे शिबिर भरवले तर शिकाऊ पोरांखेरीज कुणीही येणार नाही, कारण तेव्हा रोज नाईट असते. जुलैत भरवले तर सगळे धानाच्या बांधीत चिखलात उभे असतात. रोवणी आटोपल्यापासून धान कापणीला येईपर्यंतचा, म्हणजे साधारण पोळ्याच्या आसपासपासून कोजागिरीपर्यंतचा काळ हाच आमच्या शिकण्याचा काळ आहे. सिंधुदुर्गातल्या दशावतारी कलावंताचे वेळापत्रक वेगळे असेल आणि नारायणगावच्या राहुट्यांत यात्रांची सुपारी घेणाऱ्या तमाशा फडाचे आणखी वेगळे. दसऱ्याला बाहेर पडलेला फड उन्हाळ्यातल्या यात्रा संपेपर्यंत घरी येत नाही. सर्वांना एकच तारीख लावली की ती कुणालाच लागू पडत नाही. माणसाच्या हातात पैसे दिले तर तो आपली वेळ आपण निवडेल.

चौथी गोष्ट मी माझ्याबद्दल लिहीत नाही. आमच्या बरोबर काम करणाऱ्या एका नायिकेचा आवाज गेल्या हंगामात मध्यावर बसला. माइक टांगलेले असतात, पण चार हजारांच्या गर्दीत, लाउडस्पीकरचा आवाज फाटत असताना, करुण प्रसंगही ओरडूनच म्हणावा लागतो अशी आमच्याकडे सवय पडली आहे. कानाघशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठी आल्याचे सांगितले आणि बोलणे कमी करा, असा सल्ला दिला. नटीला! तिने आठवडाभर घरी ज्येष्ठमध चघळले आणि आठव्या रात्री पुन्हा उभी राहिली, कारण त्या महिन्याच्या तारखा आधीच घेतलेल्या होत्या. नागपूरला आवाजाचे शास्त्र जाणणाऱ्या शिक्षिकेकडे पंधरा दिवस राहून श्वास कसा घ्यावा, स्वर कुठून काढावा हे ती शिकू शकली असती. राहण्यासह बारा-पंधरा हजारांचा खर्च होता. तिचे वय चौतीस आहे. मानधनाच्या वयाला पोहोचायला अजून सोळा वर्षे आहेत आणि त्या वयापर्यंत तिचा आवाज राहणार की नाही, हे आत्ताच ठरते आहे.

लेखकांविषयी थोडक्यात. पहिल्या पुस्तकाचे अनुदान छापखान्याला पोचते आणि त्याची गरज आहेच. पण लिहिण्यासाठी, म्हणजे महिनाभर मजुरीला न जाता घरात बसण्यासाठी, संदर्भ पाहायला जिल्ह्याच्या ग्रंथालयात चार फेऱ्या मारण्यासाठी, किंवा झाडीबोलीत लिहिलेला कथासंग्रह एखाद्या जाणत्या संपादकाला पैसे देऊन तपासून घेण्यासाठी काही नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अनुदान ५० लाखांवरून २ कोटी झाले. मला संमेलनाचा मत्सर नाही, मी दोन संमेलनांना पदरचे पैसे घालून गेलो आहे आणि पिशवीभर पुस्तके घेऊन आलो आहे. २०२४ च्या सुरुवातीला जिल्ह्याजिल्ह्यांत महासंस्कृती महोत्सवही झाले. त्या मांडवांत उभे राहणारे पुढचे नट आणि त्या संमेलनांत वाचली जाणारी पुढची पाने कुठे तयार होणार आहेत, एवढेच मी विचारतो.

‘वैयक्तिक पैसे दिले तर ते खाल्ले जातात’ हे मला एका सद्गृहस्थांनी, फार प्रेमाने, सांगितले. खाल्ले जातील, काही जण खातील. संस्थांना दिलेले पैसे कधीच खाल्ले गेले नाहीत, असे त्यांनाही म्हणायचे नसावे. पंचवीस हजार रुपयांसाठी जो खोटेपणा करील तो त्याच गावात, त्याच मंडळासमोर, पुढच्या हंगामात उभा राहणार आहे. आमच्याकडे ही लाज अजून लेखापरीक्षणापेक्षा कडक आहे. आणि दोष आमचाही आहे, तो लपवत नाही. आम्ही हिशेब ठेवत नाही, पावत्या जपत नाही. ‘आपल्या ओळखीचा’ मध्यस्थ अर्ज भरून देतो आणि त्यातले हजार-दोन हजार घेतो, हे सर्वांना माहीत असून कुणी बोलत नाही. मध्यस्थ जगतो तो अवघड अर्जावर. अर्ज दोन पानांचा आणि साध्या मराठीत असेल तर त्याचे काम राहणार नाही.

मागण्या अशा आहेत.

एक, वय वर्षे पंचवीस ते पन्नास या गटातील ग्रामीण प्रयोगकलावंत आणि लेखकांना वैयक्तिक नावाने, तीन वर्षांतून एकदा, १०,००० ते ३०,००० रुपयांचे अनुदान द्यावे. प्रशिक्षण, गुरूकडे राहणे, आवाजाची किंवा शरीराची तयारी, लेखनासाठीचा वेळ, संपादन, टंकन, वाद्याची दुरुस्ती आणि प्रवास हे खर्च त्यात धरावेत. बुडालेली मजुरी हा खर्च आहे, हे नियमात शब्दांत लिहावे.

दोन, अर्ज वर्षभर घ्यावेत, दर तीन महिन्यांनी निर्णय द्यावा आणि नकार असेल तर त्याचे कारण लिहून कळवावे. ज्याला लिहिता येत नाही अशा कलावंताचा बोलून ध्वनिमुद्रित केलेला अर्ज स्वीकारावा. आमच्यातल्या कित्येकांना अख्खे नाटक पाठ असते आणि सही करताना हात थरथरतो.

तीन, पुरावा म्हणून गावच्या नाट्यमंडळाचे पत्र, दोन सहकलावंतांचे लेखी म्हणणे, परिनिरीक्षणाचे प्रमाणपत्र आणि प्रॉम्प्टरचे रजिस्टर ग्राह्य धरावे. हे शेवटचे मी स्वार्थाने मागतो आहे.

चार, तीन-चतुर्थांश रक्कम आधी, थेट खात्यात जमा करावी. आधी खर्च करा, मग बिले लावा, ही पद्धत ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याच्यासाठी आहे. काम झाल्यावर एक पानाचा अहवाल आणि गावात किंवा शाळेत एक प्रयोग, वाचन किंवा पाठ, एवढी अट पुरेशी आहे.

पाच, निवड जिल्ह्यातच व्हावी. समितीत त्या भागात प्रत्यक्ष काम करणारे निदान दोन कलावंत असावेत, त्यांतली एक स्त्री असावी, दर दोन वर्षांनी समिती बदलावी, आणि निवडलेल्यांची नावे व रकमा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात.

पैशांचा प्रश्न येईल म्हणून हिशेब करून ठेवला आहे. एका जिल्ह्यात वर्षाला ४० जणांना सरासरी २५,००० रुपये दिले तर १० लाख होतात आणि ३६ जिल्ह्यांचे ३ कोटी ६० लाख. एवढे एकदम जमणार नसेल तर झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांपासून सुरुवात करा. ४० लाखांत १६० माणसे होतात. दोन वर्षे चालवून पाहा आणि फसली तर बंद करा, पण फसली असे म्हणण्याआधी एकदा सुरू करा.

येत्या पोळ्यानंतर पुण्याला तेच शिबिर पुन्हा आहे, असे कळले आहे. मी अर्ज पुन्हा पाठवतो आहे. या वेळी शुल्क ५०० रुपयांनी वाढल्यामुळे रक्कम २१,८०० झाली आहे, बाकी मजकूर तोच आहे. सोबत एका रजिस्टराच्या चार पानांच्या छायाप्रती जोडल्या आहेत. चहाचा डाग त्यात काळा आला आहे, पण समासातल्या तारखा वाचता येतात.

आपला,
झाडीपट्टीतील एक प्रॉम्प्टर व नाट्यलेखक
तालुका देसाईगंज (वडसा), जिल्हा गडचिरोली